चुकणाऱ्या गुरवबाई

गुरवबाईंचं माहेर तेर. जन्म तिथला, शाळा तिथली, धुणं धुतलं ते तेरणेच्या पाण्यात. आणि ह्याच बाई आमच्या कॉलेजात आल्या त्या पहिल्या आठवड्यात, कपाटाच्या पलीकडून खणखणीत आवाजात पोरांना सांगत होत्या, "तेर हे गाव भीमा नदीच्या काठावर वसलेलं आहे. लिहून घ्या."

कपाटाच्या अलीकडं मी. मी इथला ग्रंथपाल. डोक्यावर 'शांतता राखा' अशी पाटी, तीही माझ्याच अक्षरातली. मी शांतता राखायचा फार प्रयत्न केला, पण माणसाच्या सोसण्याला काही हद्द असते. बाईंनी दुसऱ्यांदा "भीमा" म्हटलं आणि मी बसल्या जागेवरून ओरडलो, "अहो बाई, तेरणा! तेर तेरणेच्या काठी!"

 मग कपाटाच्या कडेनं आधी एक जाड भिंगांचा चष्मा आला आणि त्याच्या मागून बाई.

"ग्रंथपाल, तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं."

"पण बाई, तुम्ही चुकीचं सांगायलात."

"चुकीचंच सांगायले. माझ्या माहेरच्या परसाला नदी लागून आहे, तिचं नाव मला तुम्ही सांगू नका. कालच या लेकरांना तेरला नेलं, नदीत पाय सोडून बसली होती सगळी. ते सातपुड्याचं पोरगं आत्ता तोंड उघडणार होतं. ओठ हललेले मी पाहिले. तेवढ्यात तुम्ही मध्ये तोंड घातलं. केला इस्कोट!"

एवढं बोलून चष्मा परत गेला. मी मुरूमचा, अर्धा कानडी माणूस. आमच्याकडं बायका नवऱ्याला असं बोलतात, ग्रंथपालाला नाही. त्या दिवशी मला राग आला होता. पुढं वर्षानुवर्षं त्या कपाटाला पाठ लावून बसलो आणि त्या बाईचा भक्त झालो, तो भाग वेगळा.

आमचं हे समाजकार्याचं कॉलेज धाराशिवात. पदव्युत्तर शिक्षण, त्यामुळं पोरं लांबलांबून यायची. सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा, गडचिरोलीचे माडिया, किनवटचे कोलाम, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या पारधी वस्तीवरचं एखाददुसरं लेकरू. आश्रमशाळेतून, दूरच्या कॉलेजातून पास होत होत इथवर आलेली. हुशारीत काही कमी नाही. पण इथं पुस्तकं इंग्रजी, व्याख्यानं इंग्रजीमिश्रित, वर प्रबंध लिहायचा आणि त्याची तोंडी परीक्षा द्यायची. पहिल्या सहामाहीतच काही जण गुपचूप गावी निघून जायचे. कुणाला सांगायचे नाहीत, भांडायचे नाहीत. एक दिवस खोली रिकामी दिसायची.

ते थांबावं म्हणून कॉलेजानं 'आदिवासी विद्यार्थी शैक्षणिक साहाय्य केंद्र' काढलं. पाटी एवढी लांब की दारावर मावेना. खोली मात्र नव्हती, म्हणून माझ्या वाचनकक्षाचे कपाटं लावून दोन तुकडे केले आणि पलीकडचा तुकडा केंद्राला दिला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या इंदुमती गुरव यांना तिथं नेमलं. पोरांनी त्या लांबलचक नावाचं पहिल्या महिन्यातच 'दुरुस्ती' करून टाकलं. "कुठं चाललास?" "दुरुस्तीला." बाईंना ते नाव लई आवडलं. फक्त इथं दुरुस्ती कुणाची होते, ते आत बसल्याशिवाय कळत नसे.

कारण दुरुस्त होत होत्या त्या बाई.

गुरवबाई प्रश्न विचारत नसत. कधीच नाही. वर्गात नाही, स्टाफरूममध्ये नाही, बाजारात नाही. मास्तरकी केलेली बाई आणि प्रश्न विचारत नाही, म्हणजे सुताराच्या हातात करवत नाही. माझाही आधी विश्वास बसेना, म्हणून मी पाळत ठेवून ऐकायचो. "चहा घेता का?" हे वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. त्या म्हणायच्या, "ग्रंथपाल, तुम्ही चहा सोडला म्हणं." मी चिडून म्हणायचो, "कोण म्हणतं? मी कशाला सोडू!" की कप माझ्यापुढं. शिपायाला म्हणायच्या, "आज शनिवार, लवकर सुटायचं." तो म्हणायचा, "न्हाय ओ बाई, आज शुक्कुरवार." वार त्यांना हवा असायचाच, तो असा मिळवायच्या. त्यांच्याशेजारी बसायचं म्हणजे कान टवकारून बसावं लागे. सरळ बोलणाऱ्या माणसाशेजारी डुलकी लागते, बाईंच्या शेजारी कधी लागली नाही.

दिसायला ठेंगण्या. सुती साडी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, गुडघे दुखतात म्हणून पायात कापडी बूट. जिभेवर साखर बिलकुल नाही, पण डब्यात शेंगाची पोळी हमखास, आणि ती वाटताना कुणाला किती ते डोळ्यांनीच ठरवायच्या. ज्याची खोली रिकामी होण्याच्या बेतात आहे त्याला मोठा तुकडा. हे त्यांना कसं कळायचं, देव जाणे.

आणि शिकवणं? शिकवणं म्हणजे चुकणं. इंग्रजी पुस्तकातलं पान उघडायचं आणि त्याचा धडधडीत उलटा अर्थ ठासून सांगायचा. पोरं आधी एकमेकांकडं बघायची. मग पानात बघायची. मग शब्दकोश मागायला माझ्याकडं यायची. बाईंना खोटं पाडायचं या एका ईर्ष्येपायी माझ्या ग्रंथालयातल्या इंग्रजी-मराठी कोशाचे पुठ्ठे निखळले, मी दोनदा बांधणी करून घेतली. जयसिंग पावरा, तेच ते सातपुड्याचं पोरगं, तो तर आल्या आल्या कुणाशी बोलत नसे. त्याच्या घरी पावरी बोलतात, मराठी बोलताना चुकलो तर हसतील म्हणून गप्प. तो एक दिवस तरातरा आला, कोश उघडला, बोट ठेवलं आणि तसाच पुस्तक उचलून पलीकडं गेला. मला आवाज ऐकू आला, "बाई, तुमी चुकले. इथं लिवलंय." बाई म्हणाल्या, "छे, कोशच चुकलेला असणार." जयसिंग भांडला! चांगला अर्धा तास भांडला, आणि भांडता भांडता ते सगळं पान त्यानं मराठीत समजावून सांगितलं. हसायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही, कारण चुकलेल्या बाई होत्या.

"चूक काढली म्हणून पोरांना बक्षीस द्या एखादं," मी एकदा सुचवलं.

"चूक काढणं हेच बक्षीस आहे, ग्रंथपाल. त्याच्यावर आणखी गोळी-बिस्कीट कशाला ठेवायचं."

आता तुम्ही म्हणाल, चुकायला काय अक्कल लागते? मीही तेच म्हणालो होतो. बाईंनी मला चांगलं सुनावलं. "बरोबर बोलायला हुशारी पुरते, चुकायला तयारी लागते. लई मोठी चूक केली तर लेकरं हसतात आणि सोडून देतात. लई बारीक केली तर दिसत नाही. घरी बसून निवडावी लागते. तांदूळ निवडतात तसंच, फक्त बायका खडा काढतात आणि मी टाकते." संदर्भसूची शिकवताना लेखकाचं नाव मागंपुढं करायच्या, तक्ता शिकवताना एक रकाना मुद्दाम उलटा मांडायच्या. पोरांचे प्रबंध हळूहळू असे नीटनेटके व्हायला लागले की मार्गदर्शक प्राध्यापक विचारायचे, "हे कुणी तपासून दिलं?" पोरं म्हणायची, "कुणी न्हाय. आमीच बाईंचं तपासतो."

व्हायचं तेच झालं. कुणीतरी प्राचार्यांच्या कानावर घातलं की गुरवबाई पोरांना चुकीचं शिकवतात. आमचे प्राचार्य संभाजीराव सज्जन माणूस, पण शिस्तीचा. त्यांनी बाईंना बोलावलं आणि कपाटापलीकडचं सगळं ऐकणारा साक्षीदार म्हणून मलाही.

"बाई, तक्रार आहे. तुम्ही वर्गात मुद्दाम चुकीचं सांगता म्हणे."

"मी काय सांगावं, शिवाजीराव साहेब."

"संभाजीराव," प्राचार्य म्हणाले. "पाटीवर लिहिलंय, बाई. संभाजीराव."

"बघा. मी तुमचं नाव विचारलं नाही. तरी तुम्ही जल्दीनं सांगितलं, वर पुरावाही दिला." बाई हात जोडून उठायला लागल्या. मला हसू आवरेना.

प्राचार्य मात्र हसले नाहीत. "बसा बाई. माझं ऐका. तुमच्या खोलीत हे ठीक आहे. पण बाहेर कोण यांच्यापुढं चुका मांडून बसणार आहे? बाहेर सगळे प्रश्नच विचारणार. नोकरीच्या मुलाखतीत प्रश्न, तोंडी परीक्षेत प्रश्न. त्या काळे मुलीचं काय झालं ते तुमच्यासमोर आहे. परत तसंच झालं तर नियमानं तिचं नाव कमी होणार, आणि मी काही करू शकणार नाही."

बाई गप्प झाल्या. त्यांना गप्प झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

काळे मुलगी म्हणजे सुरमी काळे. तुळजापूरच्या अलीकडं माळावर एक पारधी वस्ती आहे, तिथली. प्रवेशाच्या वेळी आडनाव वाचून ऑफिसातला कारकून "पुण्याच्या काळे का?" म्हणाला होता, आणि ती नुसती बघत राहिली होती. वस्तीवरून एवढं शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच. काटक, सावळी, चालताना पायाचा आवाज न करणारी. पुस्तक मागायला येऊन उभी राहायची तर मला कळायचं नाही. तिनं प्रबंधाला विषय घेतला होता, पारधी वस्तीवरच्या मुलींची शाळा का सुटते. मी तो टंकलेखनातून आल्यावर वाचला. मी ग्रंथपाल आहे, शेकड्यानं प्रबंध धूळ खाताना पाहिलेत. हा मी रात्रीचं जेवण थंड करून वाचला.

आणि ही पोरगी पहिल्या तोंडी परीक्षेत नापास झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी प्रत्येक प्रश्न विचारला, आणि सुरमीनं प्रत्येकाला एकच उत्तर दिलं. "माहीत नाही." स्वतः लिहिलेल्या पानावर बोट ठेवून विचारलं तरी "माहीत नाही." त्यांनी शेरा मारला की प्रबंध हिनं लिहिलेला दिसत नाही.

प्राचार्यांच्या खोलीतून परत येताना बाई वाचनकक्षातच बसल्या. कपाटापलीकडं जायचं त्राण नसल्यासारख्या. मी चहा सोडलेला नाही हे आपण होऊन सांगितलं आणि दोन कप मागवले. तेव्हा बाईंनी मला ती गोष्ट सांगितली.

"नोकरी नवी होती. शाळेजवळ पारध्यांची पालं पडलेली. मी मोठ्या उत्साहानं गेले, एक पोरगी धरून आणली. चुणचुणीत. म्हटलं, नाव काय गं? म्हाईत न्हाय. गाव कोणतं? म्हाईत न्हाय. बाप काय करतो? म्हाईत न्हाय. रोज तेच. मला वाटलं, लेकराच्या डोक्यातच काही कमी असावं. नाव नको का लावायला, म्हणून मीच एक नाव लावलं आणि हाक मारली, ये गं मंगल. अशी उसळली ग्रंथपाल! 'म्या मंगल न्हाय! म्या सुकमार हाय!' मग सगळंच सांगितलं. भाऊ किती, शेळीचं नाव काय, बाप कुणाच्या रानात राखणीला आहे. मी तिच्या आजीला जाऊन बोलले. म्हातारी म्हणाली, 'बाई, तुमी इचारलं म्हनून ती गप बसली. आमच्यात इचारनारा मानूस म्हंजी पोलीस. नाव सांगितलं की बाप उचलला. आमी लेकराला चालायच्या आदी येवढंच शिकवतो.' त्या दिवशी मी सवालाच्या नावानं कानाला खडा लावला. सवाल फौजदारानं विचारावा. मी आपली चुकते."

मग चष्मा पुसत म्हणाल्या, "पण साहेबांचंही खरं आहे. मी चुकत राहीन. दुनिया विचारत राहील."

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी आपला नेम मोडला. सुरमीला समोर बसवलं आणि परीक्षक होऊन प्रश्न विचारायला लागल्या. मी अलीकडं फायली लावत होतो, हात थांबले.

"तुमच्या अभ्यासाचा उद्देश काय?"

"माहीत नाही."

"नमुना कसा निवडला?"

"माहीत नाही."

"अगं सुरमे, मी विचारायले. मी, तुझी बाई."

"म्हाईत न्हाय, बाई," सुरमी म्हणाली आणि तिचा आवाज फुटला.

बाईंनी आणखी काही दिवस रेटलं. सुरमी येत राहिली पण आक्रसत गेली. एक दिवस तिच्या खोलीतल्या मुलीनं मला सांगितलं की सुरमीनं पेटी भरून ठेवलीय. मी ते कपाटापलीकडं सांगायला गेलो तर सुरमी तिथंच उभी. बाई खाली मान घालून बसलेल्या. सुरमी म्हणत होती, "बाई, तुमी नका इचारू. बाकी दुनियेनं इचारलं तर चालतंय. तुमी इचारलं की मला आपलं मानूस गेल्यागत वाटतंय. तुमी चुका. त्या मंगलच्या गोष्टीत चुकला तसं चुका."

कपाटं दोन्ही बाजूंनी ऐकतात, हे मला तेव्हा कळलं. गोष्ट तिनंही ऐकली होती.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही, पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "बस. पोळी खा." मोठा, जवळजवळ अख्खाच तुकडा दिला. मग म्हणाल्या, "सुरमे, मी उलटं धरून बसले होते. ऐक. पोलिसाला सगळं ठाऊक असतं आणि तो मुद्दाम विचारतो, त्याचा सवाल म्हणजे सापळा. पण परीक्षकाला खरोखरच ठाऊक नसतं. वस्ती त्यानं बघितलेली नसते. ज्याला ठाऊक नाही तो विचारताना चुकणारच. त्याच्या सवालातच कुठंतरी चूक असते, माझ्यासारखी, फक्त त्यानं ती मुद्दाम केलेली नसते. तू उत्तर देऊच नको. त्याची चूक काढ."

सुरमी पोळी चावायची थांबली. "परीक्षकाची चूक काढायची?"

"माझी काढतेस तशीच."

त्यानंतर पलीकडून मला जे ऐकू यायचं त्याला अभ्यास म्हणावं की भांडण, हे मी आजही सांगू शकत नाही. बाई प्रश्न विचारत नव्हत्या. मोठमोठ्या परीक्षकांच्या थाटात, दोन्ही हात पाठीमागं बांधून, चुका करत होत्या. "पारधी पालकांना मुलींच्या शिक्षणाची किंमत नाही, हे तुमच्या अभ्यासातून स्पष्ट होतं." "चुकलं!" "वस्तीजवळ शाळा आहे, म्हणजे शाळा उपलब्ध आहे." "अर्धं चुकलं!" जयसिंग दाराशी उभा राहून ऐकायचा आणि मधूनच "ह्येच्यात आजून एक चूक हाय" म्हणून आत घुसायचा. पेटी उघडली की नाही ते मी विचारलं नाही. बाईंच्या संगतीनं माझाही विचारायचा सराव मोडला होता.

परीक्षेच्या दिवशी सभागृहाला रंग चालला होता, म्हणून तोंडी परीक्षा माझ्या वाचनकक्षात ठेवली. बाईंना आत बसायची परवानगी नव्हती. त्या पलीकडं, आपल्या दुरुस्तीत. मला पाणी आणि प्रबंधाच्या प्रती द्यायच्या होत्या. ते करून मीही पलीकडं गेलो आणि दोघं कपाटाला कान लावून बसलो. साठी उलटलेली मुख्याध्यापिका आणि पाटीवर 'शांतता राखा' लिहिणारा ग्रंथपाल.

परीक्षक या वेळी एक वयस्कर सर होते. मायाळू वाटले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग सर म्हणाले, "बसा, बसा. अजिबात घाबरू नका. आपण अगदी सोप्यापासून सुरुवात करू. नाव काय तुमचं? गाव कोणतं? वडील काय करतात?"

बाईंनी कपाळावर हात मारला. आवाज न करता.  बिचाऱ्या सरांचं मन निर्मळ होतं, पोरीला धीर द्यायचा म्हणून त्यांनी जगातला सगळ्यात सोपा प्रश्न शोधला होता, आणि नेमके तेच तीन सवाल, त्याच क्रमानं.

आत शांतता. लांबत गेली. बाईंनी तोंड उघडलं. त्या काय करणार होत्या ते मला लख्ख दिसलं. कपाटाच्या वरून ओरडणार होत्या, "ग्रंथपाल, ती मंगल आत गेली म्हणं!" तेवढं झालं असतं तर सुरमी उसळली असती, बोलली असती. बाईंचा श्वास भरलेला, ओठ उघडलेले. आणि मग त्यांनी पदराचा बोळा केला, तोंडात कोंबला आणि डोळे मिटून घेतले. मी त्यांचा हात धरला. आयुष्यभर दुसऱ्याला बोलतं करण्यासाठी बोललेली ती बाई, त्या क्षणी गप्प बसायला तिला केवढी ताकद लागली, ते मी हातात धरून पाहिलं आहे.

"सर," सुरमीचा आवाज आला. "तुमचं चुकलं."

"काय?"

"सोप्यापासून म्हणालात, ते चुकलं. हा सगळ्यात अवघड सवाल हाय." आणि मग ती बोलायला लागली. "आमच्या वस्तीवर लेकराला पहिलं हेच शिकवतात. नाव, गाव, बाप कुठं, असं कुणी विचारलं तर म्हाईत न्हाय म्हणायचं. का, तर विचारणाऱ्याच्या मागं गाडी उभी असते. तेच लेकरू शाळेत जातं. पहिल्या दिवशी गुरुजी काय विचारतात? नाव काय, गाव कोणतं, बाप काय करतो. लेकरू म्हणतं म्हाईत न्हाय. गुरुजींना वाटतं, हे मतिमंद. घरी शहाणं, शाळेत मतिमंद, तर लेकरू कुठं राहील? सर, माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण इथनं सुरू होतं."

सरांनी पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. "मग पुढं सांगा," ते म्हणाले.

पुढं मी काय सांगू. सर मध्ये मध्ये विचारत होते आणि ती त्यांच्या सवालातली चूक काढून, धुऊन, वाळवून त्यांच्या हातात देत होती. शेवटी सर म्हणाले, "तुमचं नाव राहू द्या, ते माझ्या कागदावर छापलेलं आहे." तशी सुरमी म्हणाली, "तेही चुकलंय सर. तिथं सुरमा आहे. मी सुरमी. दुरुस्त करा."

बाईंनी तोंडातला पदर काढला आणि माझ्या कानात म्हणाल्या, "ही चूक मी केलेली नाही बरं. ही आयती मिळाली."

सुरमी पास झाली, नुसती पास नव्हे, चांगल्या शेऱ्यानिशी. मी त्या दिवशी रडलो, आणि मला त्याची लाज वाटत नाही. बाई मात्र कोरड्या. म्हणाल्या, "चला, आज बुधवार, बाजार करून घरी जायचं." मी म्हणालो, "गुरुवार, बाई." त्या म्हणाल्या, "थांबलं रडं. आता तुमचीही गाडी रुळावर आली."

बाई त्यानंतरही काही वर्षं चुकत राहिल्या. मग गुडघ्यांनी ऐकेना तेव्हा तेरला, भावाकडं राहायला जायचं ठरवलं. त्यांच्या खुर्चीवर कुणाला बसवायचं हा प्रश्न प्राचार्यांना पडलाच नाही. सुरमी मधल्या काळात दुसरीकडं नोकरी करून परत आली होती, ती दुरुस्तीत रुजू झाली. पहिल्याच दिवशी कपाटापलीकडून आवाज आला, "मुरूम हे गाव समुद्रकिनारी आहे." मी जिभेचा शेंडा दाताखाली धरून बसलो. माझ्या गावाची बदनामी मी तेवढी एकदाच सोसली आहे.

बाईंना पोचवायला आम्ही दोघं धाराशिवच्या स्टँडवर गेलो. तेरची गाडी लागली होती. चढता चढता बाई कंडक्टरला म्हणाल्या, "ही गाडी मुरूमला जाते." तो वैतागून म्हणाला, "न्हाय ओ आजी, तेर! पाटी बघा की!" बाईंनी मान वळवून आमच्याकडं बघितलं आणि खिडकीची जागा पकडली.

गाडी सुरू झाली. सुरमी खिडकीखाली उभी होती. बाई तिच्याकडं बघत राहिल्या, मग गज धरून खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "सुरमे, तुझ्या आईचं नाव काय गं?"

 इतक्या वर्षांत बाईंनी कुणाला काही विचारलं नव्हतं. परीक्षक होऊन विचारलं होतं तेवढंच. स्वतःसाठी विचारलेला हा पहिला सवाल.

 सुरमी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "मंगल."

"खोटं! मंगल न्हाय!" बाई ओरडल्या.

सुरमी हसायला लागली. गाडी हलली तशी ती खिडकीचा गज धरून बरोबर चालायला लागली. "सारजाबाई! माझ्या आईचं नाव सारजाबाई! बापाचं नवनाथ! आजीचं झेलम, आज्याचं गणपत!" गाडीनं वेग घेतला तशी ती पळायला लागली, आवाज चढत गेला. पावलाचा आवाज न करता चालणारी ती पोरगी फाडफाड चपला वाजवत पळत होती. भावाचं नाव, बहिणींची नावं, वस्तीचं नाव, माळाचं नाव, सगळं मोठ्यानं, भर स्टँडवर. स्टँडच्या चौकीतला हवालदार बाहेर येऊन बघायला लागला. सुरमीनं त्याला पाहिलं. आवाज खाली आणला नाही. खिडकीतून बाईंचा हात बाहेर आला होता, मनगटाच्या आतलं घड्याळ उन्हात चमकत होतं, आणि गाडी वळेपर्यंत तो हात एकेका नावाला हलत होता.

हवालदार माझ्यापाशी आला. "काय हो, काय झालं? कुणाची नावं घ्यायलीय ती?"

मी म्हणालो, "तिलाच विचारा की. सांगते ती."